कुडाळहून आलेला प्रश्न

सर,

गेल्या महिन्यात कुडाळच्या बाईंनी घाटकोपरच्या एका कॉलेजात व्याख्यान दिलं, आणि त्या सबंध वेळ कुडाळातच होत्या, आपल्या घरच्या पडवीत. आज यात कुणाला नवल वाटत नाही. सभागृह भरलेलं होतं, बाकीची माणसं आपापल्या घरी होती, कोणी दिल्लीत, कोणी जर्मनीत, आणि मी मागे टेबलाशी हेडफोन लावून बसले होते. बाईंचा चेहरा भिंतभर दिसत होता, पिकलेला केस न् केस मोजता आला असता. मी कॅमेऱ्यांचं बघणाऱ्या मुलीला म्हटलं, ‘‘चेहरा लहान कर, त्यांचा कागद मोठा कर.’’ बोलताना आवाज माझाच होता, पण झापण्याची पद्धत तुमची. घरी आल्यापासून तुम्हाला लिहायचं डोक्यात आहे. तुम्ही गेलात त्याला इतकी वर्षं झाली की आता मी वयाने तुमच्या जवळ येऊन पोचलेय. तुम्ही मला कामावर घेतलंत तेव्हा मी तेवीसची होते, आणि तुम्ही मुलुंडच्या कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक, निवृत्तीला थोडीच वर्षं उरलेले. पोरं मागून तुम्हाला लादीवाले सर म्हणायची. तुम्हाला ते माहीत होतं, आणि आवडतही होतं.

तुमचं लाद्यांचं वेड सगळ्या कॉलेजला माहीत होतं. पाच बाजूंची एकच लादी घ्यायची आणि तशाच लाद्यांनी सपाट जमीन झाकायची, कुठे फट नको, कुठे एकीवर एक चढायला नको. अशा रचना किती प्रकारे होतात? एक ठरावीक लादी धरून तुम्ही बारा वर्षं त्या प्रश्नावर बसला होतात, आणि अशा सगळ्या रचनांची यादी आता पुरी झाली असं तुम्हाला वाटत होतं. मी कॉम्प्युटर लॅबमध्ये हंगामी असिस्टंट होते, दर सहा महिन्यांनी कार्यालयातून नवीन कागद यायचा तेव्हा पुढचे सहा महिने नक्की व्हायचे. लॅबमध्ये एसी होता म्हणून तुम्ही दुपारी तिथे येऊन बसायचात, खिशातून पुठ्ठ्याच्या लाद्या काढायचात आणि माझ्या कीबोर्डशेजारी मांडायला लागायचात. मी फुंकर मारली तर उडतील म्हणून मी श्वाससुद्धा बेताने घ्यायचे. कधीतरी मान वर न करता विचारायचात, ‘‘काय गं, तुझ्या त्या इंटरनेटवरून आवाज जातो का?’’ मी म्हटलं, जातो. ‘‘चित्र?’’ जातं, पण काडेपेटीएवढं. ‘‘काडेपेटीत फळा मावेल का?’’

तुमच्या डोक्यात काय चाललंय ते मला नंतर कळलं. कुडाळला एक शिक्षिका होत्या, हायस्कुलात आठवी-नववीला गणित शिकवणाऱ्या. कुठल्याशा मासिकात तुम्ही घातलेलं कोडं त्यांनी सोडवलं आणि उत्तर पाठवलं, ते तुमच्या उत्तरापेक्षा अर्ध्या लांबीचं होतं. तेव्हापासून पत्रं चालू होती, तुमची पोस्टकार्डं आणि त्यांची बारीक अक्षरातली आंतर्देशीय. तुम्ही कॉलेजात एक दिवसाची परिषद ठरवलीत, त्यांना बोलावलंत, आणि त्यांनी कळवलं की सासूबाईंना अर्धांगवायू झालाय, अंथरुणावरून उठवायला-बसवायला दुसरं कोणी नाही, दोन दिवस घर सोडणं शक्य नाही. तुम्ही ते पत्र मला वाचून दाखवलंत, घडी घातलीत आणि म्हणालात, ‘‘मग परिषदच कुडाळला पाठवू.’’

प्राचार्य हसले होते. मी तिथेच उभी होते. ‘‘अहो, दक्षिण मुंबईतल्या लोकांना मुलुंड लांब वाटतं, आणि तुम्ही कुडाळ म्हणताय. एका बाईसाठी एवढा खटाटोप?’’ ‘‘वर्गात एक जरी पोरगं बसलेलं असलं तरी तास घ्यावा लागतो,’’ तुम्ही म्हणालात. त्यांनी कार्यालयातली टेलिफोन लाइन एक दिवसासाठी, आणि त्याआधी संध्याकाळी चाचणीपुरती, द्यायचं कबूल केलं. परदेशी विद्यापीठात शिकवणाऱ्या तुमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने त्यांच्या सर्व्हरवर जागा दिली. कॅमेरा लग्नाचं शूटिंग करणाऱ्याकडून भाड्याने आणला, त्याच्या पट्ट्यावर अजून हळद होती. मी पंधरा दिवस धडपडत होते. लाइन जोडायची, मोडेम किंचाळायचा, चित्र लागायचं, तोंड हलायचं आणि शब्द मागाहून यायचे, मग सगळं गोठायचं. एका संध्याकाळी मी रडकुंडीला आले तेव्हा तुम्ही स्टुलावर बसून शेंगदाणे खात होतात. म्हणालात, ‘‘चित्र गोठलं तरी चालेल गं. फळा काही पळून जात नाही. आवाज सांभाळ.’’ आज माझ्याकडे नवीन माणूस कामाला लागला की मी त्याला पहिल्या दिवशी हेच सांगते, आणि ते माझं वाक्य आहे असं त्यांना वाटू देते.

परिषदेचा दिवस. पंख्यांचा आवाज माइकमध्ये घुमतोय म्हणून मी भीत भीत सांगितलं, आणि तुम्ही उठून सभागृहातले सगळे पंखे बंद केलेत. दक्षिण मुंबईतल्या मोठ्या संस्थेतून आलेले प्राध्यापक कार्यक्रमपत्रिकेने वारा घेत बसले. तुम्ही सर्वांत शेवटी बोलायला उभे राहिलात, ठेवणीतला सदरा घालून, पाठ घामाने भिजलेली. मी कॅमेरा तुमच्या चेहऱ्यावर नेला, कारण मला तुम्ही त्या दिवशी फार देखणे दिसत होतात. दोन वाक्यं झाली नसतील, तुम्ही थांबलात. ‘‘अगं, कॅमेरा कुठे आहे तुझा?’’ सगळी माणसं मागे वळून माझ्याकडे बघायला लागली. ‘‘माझं थोबाड बघायला ती बाई बसलीय का? फळा दाखव, फळा!’’ लोक हसले. मी कॅमेरा फळ्यावर नेला आणि शेवटपर्यंत हलवला नाही.

कुडाळच्या बाई सायबर कॅफेत बसल्या होत्या. प्रश्न विचारायचा तर माझ्या कॉम्प्युटरवर एक खिडकी होती, त्यात त्यांनी लिहायचं आणि मी उठून ते वाचून दाखवायचं असं ठरलं होतं. तुमचं बोलणं संपलं, टाळ्या झाल्या, सभागृहातले प्रश्न सुरू झाले. त्या मोठ्या संस्थेतले ते वयस्कर प्राध्यापक, जे कधी कुणाचं कौतुक करत नाहीत असं तुम्ही म्हणायचात, ते उठून म्हणाले, ‘‘बारा वर्षं सार्थकी लागली तुमची.’’ प्राचार्य दाराशी उभे होते, त्यांचाही चेहरा फुलला होता. आणि माझ्या खिडकीत एक ओळ आली, इंग्रजी अक्षरांत टाइप केलेली मराठी. ‘सर, तिसऱ्या पायरीला तुम्ही लादीचा कोपरा कोपऱ्यालाच भिडतो असं धरलंय. का? आमच्याकडे चिऱ्याच्या भिंतीत वरचा सांधा खालच्या सांध्यावर कधीच येऊ देत नाहीत.’

सर, मला गणित कळत नव्हतं, पण हे कळलं. आमच्या गावच्या घराची भिंत चिऱ्याचीच आहे. लहानपणी मी त्या सांध्यांतून बोट फिरवत जिने काढलेत. चिरा अर्धा पुढे सरकवून बसवतात, म्हणजे भिंत फुटत नाही. लादीही तशी सरकवून बसू शकते, आणि बसली तर तुमच्या यादीत नसलेल्या रचना निघतील. फळ्यावरची तिसरी पायरी माझ्यासमोर काडेपेटीत दिसत होती, तुमच्या अक्षरात. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही खडूचे हात सदऱ्याला पुसत हसत होतात. मी टाइप केलं, ‘वेळ संपला आहे. क्षमस्व.’ आणि ती खिडकी बंद केली. सभागृहात त्यानंतर आणखी दहा मिनिटं प्रश्न चालले. मग चहा झाला, बटाटेवडे झाले, तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारलीत आणि म्हणालात, ‘‘झकास झालं! बाई काही बोलल्या नाहीत का?’’ मी म्हटलं, ‘‘नाही सर.’’

चौथ्या दिवशी आंतर्देशीय आलं. तुम्ही लॅबमध्ये आलात, तास चालू होता तो संपेपर्यंत मागे उभे राहिलात, मुलं गेल्यावर दार लावून स्टुलावर बसलात. पुठ्ठ्याच्या लाद्या काढल्या नाहीत.

‘‘प्रश्न किती वाजता संपले गं त्या दिवशी?’’

‘‘पाचला, सर.’’

‘‘आणि बाईंना वेळ संपला असं तू किती वाजता कळवलंस?’’

मी कीबोर्डवरचं कव्हर सरळ करायला लागले.

‘‘त्या लिहितात, वेळ संपल्याचं समजलं, पण त्यानंतरही सभागृहात दहा मिनिटं प्रश्न चालू असल्याचं ऐकू येत होतं. ऐकू येत होतं! अगं मूर्ख मुली, आपणच तर ऐकवत होतो त्यांना!’’

इतक्या वर्षांत मला हे आठवलं की हसू येतं, पण त्या दिवशी पायाखालची लादीच सरकली होती. मी म्हटलं, ‘‘सर, तुमच्यासाठीच. सगळ्यांसमोर तुमची चूक...’’ तुम्ही ओरडला नाहीत. ओरडला असतात तर बरं झालं असतं. म्हणालात, ‘‘बारा वर्षं मी चुकत होतो. ते मला चार दिवस आधी कळलं असतं. माझे चार दिवस खाल्लेस तू. आणि ती बाई सासूला शेजारणीच्या ओटीत टाकून, गेम खेळणाऱ्या टग्यांच्या मध्ये दिवसभर बसली होती. कशाला? माझ्या भाषणाला? तिला एक प्रश्न विचारायचा होता गं. तेवढ्यासाठी आपण एवढ्या तारा जोडल्या.’’ मग तुम्ही उठलात. दाराशी थांबून म्हणालात, ‘‘परवा सकाळची गाडी आहे ठाण्याहून. मी तिकडे जातोय. तू पण येणार आहेस.’’

तुमच्या घरून काकूही आल्या. मालवणी मसाला आणायचाय असं त्या सांगत होत्या, पण त्यांना तुम्हाला मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर एकटं सोडवत नव्हतं, हे मला गाडीत कळलं. तुम्ही मला खिडकी दिलीत आणि रत्नागिरीपर्यंत पेपर वाचत बसलात. मी मनात वाक्य घोकत होते. बाई, तो प्रश्न मी अडवला. इतकं सोपं वाक्य, पण दर बोगद्यात ते हरवायचं आणि उजेड आला की पुन्हा पहिल्यापासून जुळवायला लागायचं.

बाईंचं घर हमरस्त्यापासून आत, फणसाच्या झाडाखाली. त्या पदराला हात पुसत पडवीत आल्या, पंचेचाळिशीच्या, लहानशा, डोळ्यांवर जाड चष्मा. आतून खणखणीत आवाज आला, ‘‘कोण इलो गो?’’ बाई म्हणाल्या, ‘‘मुंबयचे मास्तर इलेत, आये.’’ तुम्ही बसला नाहीत. उभ्यानेच म्हणालात, ‘‘तुमचा प्रश्न माझ्यापर्यंत पोचला नव्हता. चूक आमच्याकडची आहे. माफ करा.’’ आमच्याकडची. मी तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. बाईंनी चष्म्यातून एकदा तुमच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, ‘‘माफी कसली सर, चला, भिंत दाखवते.’’

मागच्या बाजूला विहिरीचा कठडा होता, चिऱ्यांचा. तुम्ही त्यावरून हात फिरवलात. मग खिशातून लाद्या काढून सारवलेल्या अंगणात मांडायला बसलात, बाई समोर बसल्या. त्यांनी एक ओळ उचलून अर्ध्या लादीएवढी सरकवली. तुम्ही दुसरी ओळ सरकवलीत. कोंबड्या येऊन बघून गेल्या. कितीतरी वेळाने तुम्ही एकदम मोठ्याने हसलात, बारा वर्षं पाण्यात गेल्यावर माणूस असा हसतो यावर काकूंचा विश्वास बसेना. ‘‘अहो, काय झालं?’’ ‘‘चुकलं!’’ तुम्ही म्हणालात. ‘‘काय सुंदर चुकलंय बघ!’’

मुंबईला आल्यावर तुम्ही परिषदेला आलेल्या प्रत्येकाला पत्र पाठवलंत. पत्त्यांच्या चिकटपट्ट्या मीच छापल्या. माझा निष्कर्ष अपुरा आहे, त्रुटी कुडाळच्या अमुक शिक्षिकांनी दाखवली, तपशील पुढे कळवीन. प्राचार्य म्हणे म्हणाले की हे छापील कळवायची काय गरज होती. मला वाटलं माझे पुढचे सहा महिने आता काही येत नाहीत. पण कागद आला. त्यासाठी तुम्ही कार्यालयात कुणाशी काय बोललात ते मी कधी विचारलं नाही.

आणि मग सुरू झाले ते शनिवार. तुमच्या घरी टेलिफोनची लाइन स्वयंपाकघरात होती, फ्रिजच्या शेजारी, कारण काकूंना फोन तिथेच लागायचा. म्हणून फळा ओट्यासमोरच्या भिंतीला टेकवला, कॉम्प्युटर जेवणाच्या टेबलावर, आणि कॅमेरा एका डब्यावर, ज्यात चण्याचं पीठ होतं. तिकडे बाईंच्या हायस्कुलाला एक कॉम्प्युटर मिळाला होता, तो मुख्याध्यापकांच्या खोलीत होता आणि शनिवारी दुपारी खोली रिकामी असायची. दर शनिवारी अडीच वाजता मी लाइन जोडायचे. आता वाटतं, त्या दोन वर्षांत मी आयुष्यातलं सगळं काम शिकले. फळ्यावर चमक येते तर गॅलरीचा पडदा अर्धा ओढायचा. बोलणारा फळ्याकडे वळला की आवाज पडतो, तर माइक कॉलरला नाही, खांद्यावर लावायचा. तुम्ही बोलताय, बाई मध्येच म्हणतात, ‘‘सर, एक मिनिट,’’ आणि तो शब्द इथे पोचेपर्यंत तुम्ही दोन ओळी पुढे गेलेले असता, म्हणून दर चार ओळींनंतर दहा मोजायचे. ते दहा मी बोटांवर मोजायचे आणि तुम्ही खडू हातात धरून, शाळेतल्या मुलासारखे, माझ्या बोटांकडे बघत उभे राहायचात.

काकूंना आमचं दूरदर्शन फार जड व्हायचं. ‘‘अहो, तुमचं ते प्रक्षेपण संपलं की सांगा, मला फोडणी द्यायचीय. मिरची घातली की तुम्ही शिंकणार आणि ती बिचारी तिकडे घाबरणार.’’ एकदा आमटीसाठी लावलेल्या कुकरची शिटी ऐन तर्कात वाजली आणि तिकडून बाई म्हणाल्या, ‘‘तीन झाल्या काकू, गॅस बंद करा.’’ काकू पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. त्यानंतर शिट्ट्या मोजायचं काम कुडाळकडे गेलं. काम झालं की काकू मला पान वाढायच्या. तुम्ही भात कालवता कालवता विचारायचात, ‘‘कळतं का गं काही?’’ मी मान हलवायचे.

दोन वर्षांनी लेख पुरा झाला आणि परदेशातल्या एका नियतकालिकाने घेतला. पहिलं नाव बाईंचं, दुसरं तुमचं. बाईंनी उलटं करा म्हणून तीन पत्रं लिहिली, तुम्ही एकाचंही उत्तर दिलं नाहीत. छापील प्रती आल्या त्या दिवशी तुम्ही मला लॅबमध्ये एक दिलीत, तपकिरी पाकिटात. तुम्ही निवृत्त झाला होतात तेव्हा, खास त्यासाठी आला होतात. म्हणालात, ‘‘शेवटचं पान बघ.’’ तळाशी बारीक टाइपात माझं नाव होतं, माझ्या वडिलांच्या नावासकट. त्यापुढे लिहिलं होतं की आमचे प्रश्न एकमेकांपर्यंत पोचवल्याबद्दल आम्ही यांचे आभारी आहोत. मी ते दोनदा वाचलं. मला वाटलं तुम्ही टोमणा मारलाय, म्हणून तुमच्याकडे बघितलं. तुम्ही चष्मा पुसत होतात. ‘‘काय झालं? स्पेलिंग चुकलंय का?’’ एवढंच विचारलंत.

लेख छापून आला तरी शनिवार चालूच राहिले होते. तुम्ही गेलात तो गुरुवार होता. सकाळी गॅलरीत पेपर वाचताना. त्यानंतरच्या शनिवारी मी तुमच्या घरी गेले, करायला काहीच नव्हतं, पाय वळले म्हणून गेले. घरात नातेवाईक होते. काकू स्वयंपाकघरात एकट्याच बसल्या होत्या, फळा तसाच होता, आधीच्या शनिवारचा. घड्याळाकडे बघून त्या म्हणाल्या, ‘‘लाव ते.’’ ‘‘काकू, आज कशाला...’’ ‘‘ती येऊन बसली असेल तिकडे. लाव.’’ मी लाइन जोडली. बाई खरोखरच बसलेल्या होत्या, मुख्याध्यापकांच्या खुर्चीत, हात मांडीवर. मी उगाच दहा मोजले. मग काकू माइकजवळ तोंड नेऊन म्हणाल्या, ‘‘जेवलीस का गं?’’ तो प्रश्न तिकडे पोचायला वेळ लागला. बाईंचं तोंड हललं, चित्र गोठलं, आणि मग आवाज आला, ‘‘नाय गो बाय, तू?’’ बाई काकूंना अगं-तुगं करत नसत. त्या दिवशी केलं. काकू आता बोरिवलीला मुलीकडे असतात. माणसं विसरतात, मला कधी ओळखतात, कधी टीव्हीवाली म्हणतात. पण बाईंचा फोन आला की आधी जेवलीस का विचारतात.

मी कॉलेज सोडून हेच काम धरलं हे तुम्हाला बघायला मिळालं नाही. मुलुंडलाच एका औद्योगिक वसाहतीत गाळा आहे, चार माणसं आहेत. आम्ही परिषदा दाखवतो, डॉक्टरांच्या, वकिलांच्या, इतिहासवाल्यांच्या. मधली बरीच वर्षं लोकांना समजावून सांगावं लागायचं की हे काय असतं. मग सगळं जग घरात कोंडलं गेलं त्या साली प्रत्येकाला ते एका रात्रीत कळलं, आणि आता प्रत्येकाला वाटतं की यात काय आहे, फोन उभा केला की झालं. चित्र आता गोठत नाही. खरं सांगू, कधीकधी ते गोठावं असं वाटतं. गोठलं की माणसं थांबायची, फळ्याकडे नीट बघायची. आता मागे-पुढे करता येतं, दीडपट वेगाने ऐकता येतं, त्यामुळे कुणीच कुणासाठी दहा मोजत नाही.

घाटकोपरच्या व्याख्यानाच्या आदल्या दिवशी मी बाईंशी चाचणी घेतली. आवाज बघितला, उजेड बघितला. काम संपलं, बाई म्हणाल्या, ठेवू का? तेव्हा मी म्हटलं, ‘‘बाई, त्या दिवशी तुमचा प्रश्न मी अडवला होता. सरांनी नाही, लाइनने नाही. मी.’’ सत्तरी ओलांडलेला तो चेहरा माझ्या स्क्रीनभर होता. तो हसायला लागला. ‘‘अगो, ता माका तेवाच कळलला. त्या कॉम्प्युटरपाशी दुसरं होतं कोण? आणि आमच्याकडे आलीस तेव्हा मी घावनं आणि नारळाचा रस केला होता तुझ्यासाठी. पानावर तशीच ठेवून गेलीस. मालवणी मुलगी घावन टाकते, म्हणजे काहीतरी मोठंच असणार.’’ मग म्हणाल्या, ‘‘सरांना वाचवायला गेलीस ना? त्या वयात होतं असं.’’

मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्यांचं व्याख्यान झालं, तुमचं नाव त्यांनी चार वेळा घेतलं, विहिरीच्या कठड्याचा फोटो दाखवला, लोक उभे राहिले. सगळं नीट पार पडलं. पण ते ‘हो’ मला महिनाभर टोचतंय, म्हणून हे पत्र. सर, तुमच्यासाठी नव्हतं ते. प्राचार्य दाराशी उभे होते आणि त्याच आठवड्यात माझे सहा महिने संपत होते. पहिल्यांदाच माझ्या हातचं काहीतरी चारचौघांत चाललं होतं. मी तो प्रश्न वाचला असता तर तो दिवस तुमच्या चुकीचा झाला असता, आणि मला तो माझा हवा होता. तुम्ही तेव्हा विचारलं असतंत तर हे मला स्वतःलाच माहीत नव्हतं. कदाचित तुम्हाला होतं. तुम्ही ‘आमच्याकडची’ म्हणालात, ते कुणाकुणाला धरून, हे विचारायचं राहून गेलं.

हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि काकूंना वाचून दाखवण्यात अर्थ नाही. लॅपटॉपवरच राहील. पण लिहायला बसलेच आहे तर आणखी एक सांगून टाकते, लहानच आहे. तुम्ही मला घेतलंत त्या दिवशी मुलाखत अशी झालीच नाही, जिन्यात उभ्या उभ्या तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. टायपिंग येतं का, आणि बारावीला गणित होतं का. मी दोन्हींना हो म्हटलं. टायपिंग येत होतं. बारावीला गणित होतं, सर. निकालात ते सुटलं नव्हतं.